भुलभुलैयातली पन्हळ

सातारा, गुरुवार

रा. रा. लालासाहेब पाव्हणं यांस जोतीरामचा रामराम. तुमच्या गुडघ्याला आराम पडला असेल, संयोगितावहिनींचा खोकला आवरला असेल आणि हळदीचा भाव तुमच्या बोलण्याइतका चढला असेल, अशी आशा करतो. तुमची बहीण, म्हणजे आमची अनसूया, खुशाल आहे. मीही आहे, पण टीव्हीपुढून उठवत नाही.

त्याला कारण तुम्हीच. नोकरीत असताना मी हौसेनं आणलेला तो टीव्हीला जोडायचा कॉम्प्युटर (कॅसेट लावली की मांजरं भांडल्यासारखा आवाज येतो आणि मग पडद्यावर भुलभुलैया उमटतो, तोच) मी सरहद्दीवर असताना तुम्ही सांगलीला नेलात. तुमचं लग्न झाल्यावर परत केलात, तेव्हा मिशीवर बोट फिरवत म्हणालात, "दाजी, आम्ही बाहेर पडलो." तेव्हापासून आपल्यातल्या एकाही लग्नाची पंगत या गोष्टीवाचून उठलेली नाही. सिग्नलचा सुभेदार, जन्म नकाशे वाचण्यात गेला, आणि त्याला एका चौकटीतून वाट गावत नाही, हे तुम्ही भाताबरोबर वाढता. आता तुमच्या ऋषिराजचं लग्न आलंय. नव्या व्याह्यांपुढं पुन्हा तेच ऐकायची माझी तयारी नाही. म्हणून मी ते यंत्र माळ्यावरून काढलं.

भिंती हिरव्या, जमीन हिरवी, आणि मी रोज तिथल्या तिथं. फौजी शिस्तीनं कागदावर नकाशा काढला, तर त्यातही हरवलो. शेवटी अनसूयेनं भाकऱ्या उरकून हात पुसले आणि बटणं ताब्यात घेतली. तिची रीत सरळ होती. भिंत उजव्या हाताला ठेवायची आणि देवळात फिरतो तसं फिरायचं. (मी हसलो. हसू नये, हे संसाराला इतकी वर्षं होऊनही कळत नाही.) ती नीट मधल्या चौकात पोचली. तिथं एक काळा ठोकळा, त्यातून निघालेली बारीक निळी रेघ आणि रेघेपलीकडं सताड उघडं दार. अन् ही बाई रेघेपाशी थांबली, वळली आणि आल्या वाटेनं परत निघाली! मी डोक्याला हात लावला. ती शांतपणे म्हणाली, "आवं, म्हादेवाच्या पिंडीवरचं पानी जातंय ती पन्हळ हाय ती. वलांडत्यात व्हय कुनी? अर्धीच प्रदक्षिणा घालायची."

ती रेघ नदी आहे की मोरी, हे ती काढणाऱ्या साहेबाला ठाऊक. पण हिनं माझ्याकडून बेलाच्या पानावर शपथ घेतली, रेघ ओलांडणार नाही म्हणून. मग एकदम म्हणाली, "दादानं मग कसं केलं असंल?" आता तुम्हीच काय ते ठरवा. ओलांडली म्हणाल तर बहीण भाच्याच्या लग्नाला पाऊल टाकणार नाही (पोळपाटावर लाटणं आपटून सांगितलंय). नाही म्हणाल, तर बाहेर पडलात कुठून? यंदा पंगतीत घसा बसल्याचं सांगून गप्प राहिलात तर सगळ्यांचं भलं होईल.

वहिनींना नमस्कार, ऋषिराजला आशीर्वाद, आणि तुमच्या कुत्र्याला माझी आठवण सांगा. त्या घरात ऐकून घेणारा तो एकटाच आहे.

आपला,
जोतीराम (सुभेदार, निवृत्त)

ता. क. पुढचं एकट्यानं वाचा. काल ही देवळात गेली तेव्हा मी रेघ ओलांडली. दारात मजकूर आला की उरलेला भुलभुलैया कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला आहे. बाजू पालटली तर यंत्र मुकं. साध्या टेपवर लावून बघितली, तर तुमचा आवाज! लग्नाआधीची उखाण्याची तालीम. संयोगिताला जुळणारा शब्द काही सापडत नाही आणि शेवटी तुम्ही चक्क रडता. म्हणजे पुढची वाट तुम्हीच आवाज भरून पुसलीत पाव्हणं, आणि बाहेर पडल्याची फुशारकी त्यानंतरची.

ता. क. दुसरा. हे मला कुणाला सांगता येत नाही, कारण शपथ मोडलीय. तेव्हा घसा बसल्याचं राहू द्या, तुम्ही पंगतीत एवढंच बोलायचं, की दाजीही बाहेर पडले, आणि माझ्या आधी पडले (म्हणजे शपथेच्याही आधी). कॅसेट खिशात घेऊन येतोय. तुमच्या मांडववाल्याकडं अजून जुना टेप चालू आहे, मी फोन करून विचारलंय.