परात काचेत ठेवू नये

मी, कोकिळा शांतवन हिवराळे, वय वर्षे अडुसष्ट, निवृत्त परिचारिका, राहणार हिवरा आश्रमाजवळची वस्ती, तालुका मेहकर, जिल्हा बुलढाणा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. कोणी मला धाकदपटशा दाखवलेला नाही. दडपण आहे ते फक्त भीतीचे, आणि ती माझी स्वकष्टार्जित आहे. येत्या गुरुवारी संभाजीनगरला माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. ऑपरेशन थिएटरच्या दारात उभी राहून मी नोकरीभर लोकांना सांगत आले, "घाबरू नका, काही होत नाही." काय काय होते ते मला माहीत आहे, म्हणून हात कापतो आहे. अक्षर वेडेवाकडे आले म्हणून कोणी हे मृत्युपत्र खोटे ठरवू नये.

कलम एक. राहते घर मुलगी योगिनी हिला द्यावे. ती पुण्याला असते. विकायचे तर खुशाल विकावे, पण मागच्या शेवग्याच्या शेंगा सोजराबाईच्या, हे घेणाऱ्याला आधी सांगावे. सोजराबाई माझी शेजारीण. वांगी-मिरची पिकवते आणि औषध वेळेवर घेतले नाही की माझ्यावर खेकसते.

कलम दोन. बँकेत जे असेल त्यातून माझा अंत्यविधी साधेपणाने करावा, उरेल ते योगिनीचे. थडग्यावर संगमरवर नको. शांतवनच्या शेजारची जागा मोकळी आहे. माणूस चांगला होता, पण घोरायचा फार. आता तरी गप्प असेल.

कलम तीन, खुर्चीबद्दल. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, मोजकीच घरे आहेत. पाळकसाहेब, म्हणजे पाद्री, महिन्यातून एकदा मेहकरहून येतात. एरवीची प्रार्थना, आजाऱ्यांची विचारपूस आणि चर्चची झाडलोट मंडळीची वडील, म्हणजे निवडलेली प्रमुख, म्हणून माझ्याकडे असते. बाई वडील झाली तेव्हा काहींच्या पोटात दुखले, त्यात माझा पुतण्या शेखर पहिला. नंतर त्याचे मन फिरले ते इतके, की त्याने माझ्यासाठी लाल मखमलीची कोरीव खुर्ची आणली. मी बसत नाही म्हणून प्रार्थना चालवायची त्याची पाळी आली की तोच तीत बसतो. यापुढे ज्याचे गुडघे दुखतात त्याने तीत बसावे. वडिलाने बसू नये.

कलम चार, पांढरी तामचिनीची परात. ही आमच्या जुन्या दवाखान्यातल्या ड्रेसिंगच्या खोलीतली. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या दिवशी मी तीत सगळ्यांचे पाय धुते, प्रभू येशूने शिष्यांचे धुतले तसे. भेगा पडलेले, शेतातून थेट आलेले पाय असतात. पहिल्या वर्षी सोजराबाईचा नवरा कडूबा नुसता पाहायला आला होता. मी त्याचेही पाय धुतले. लगेच सोजराबाईने तांब्या पुढे केला. "सिस्टर, हे तीर्थ मले द्या. घरात शिंपडते."

"अवो बाई, तुह्याच नवऱ्याच्या पायाचा चिखल हाय हा!"

सगळे हसले, पण पुढच्या वर्षी मंडळीतलेही लोक तांबे घेऊन आले. तेव्हापासून पाणी मी स्वतः मोरीत ओतते. पाणी तीर्थ झाले की पाय धुणारा देव होतो, आणि मग त्याच्यामागे वाकायला कोणी तयार होत नाही. आता शेखरने या परातीसाठी काचेचे कपाट करायला टाकले आहे, वर माझ्या नावाची पाटी, आत बल्ब. मी अजून जिवंत आहे! परात काचेत ठेवू नये. माझ्यामागे जो वडील होईल त्याने ती वापरावी. त्याचे नाव इथे लिहायचे आहे आणि मला सुचत नाही. जागा रिकामी सोडते.

कलम पाच. परवाच्या रविवारी शेखरने चर्चमध्ये त्याच खुर्चीत बसून सांगितले, "आमची काकू मरणाले भेत नाही." टाळ्या वाजल्या. मी भिते. भूल उतरेल की नाही याला भिते. त्या थंडगार खोलीला भिते. प्रार्थनेला बसते आणि मध्येच शब्द विसरते. देवावर विश्वास आहे, तरी भिते. लोकांनी मला इतके उंच बसवले आहे, की हात धरायला कोणी तिथवर पोचत नाही. माझ्या अंत्यविधीला मला कोणी धीराची बाई म्हणू नये.

इतके लिहून झाले तेव्हा साक्षीसाठी सोजराबाई आणि कडूबा येऊन बसले होते. गुरुवारच्या गाडीचे सांगायला शेखरही आला. मी त्याला कलम पाच वाचून दाखवले.

"काकू, मस्करी करून राह्यली का?"

"हात पाह्य माहा."

त्याने हात धरला. तो घामाने ओला होता. शेखरने तो रुमालाने पुसला. मग म्हणाला, "मले वाटलं, तू भेत नाही म्हनूनच तुले हे सारं जमते. मले तं लोकायसमोर उभं राह्याचंच भेव लागते. बसलं की पाय थरथरत नाहीत, म्हनून तं थे खुर्ची आनली."

या आठवड्यात मी पहिल्यांदा हसले, आणि हसता हसता रडले. "अरे येड्या, पाय धुवाले तं खालीच बसा लागते!"

तो उठला, आतून परात आणि तांब्याभर पाणी घेऊन आला आणि फरशीवर बसला. माझे पाय आजवर कोणी धुतले नव्हते, मी धुवू दिले नव्हते. पाणी कोमट होते. त्याने आधी कोपर बुडवून पाहिले, मी पाहते तसे. धुऊन झाल्यावर सोजराबाईने परात उचलली. मी तिच्याकडे पाहत राहिले.

"पाह्यता काय सिस्टर? मोरीतच ओतून राह्यली," ती म्हणाली.

कलम चारमधली रिकामी जागा मी आता भरते: शेखर प्रभुदास हिवराळे. कपाटाचे काम त्याने आजच रद्द करावे.

कलम सहा आणि शेवटचे. भीती गेलेली नाही. गुरुवारी थिएटरच्या दारापर्यंत शेखरने माझा हात धरून यावे. या मृत्युपत्रातले एवढे कलम मी जिवंत असताना अमलात आणायचे आहे.

ठिकाण: राहते घर, हिवरा आश्रमाजवळची वस्ती
दिनांक: २१ जानेवारी २०२५

(सही) कोकिळा शांतवन हिवराळे

साक्षीदार: लिहून ठेवणारीने आम्हा दोघांच्या देखत, पूर्ण शुद्धीवर असताना, भीत भीत सही केली.

१. (सही) कडूबा निवृत्ती जाधव
२. सोजराबाई कडूबा जाधव, अंगठा. हात ओला असल्याने ठसा पसरला आहे. तोच खरा मानावा.