हरीशच्या नावावरचा ओक

हट्टा, २९ मार्च २०२४

चि. हरीश यास,

अनेक आशीर्वाद लिहायची सवय आहे, म्हणून लिहिले. येथील सर्व क्षेम.

फोनवर मला हे बोलता आले नसते. आई जाऊन वर्ष झाले. शेवटच्या दिवशी ती सारखी विचारायची, हऱ्या येऊन राहिला का, दाराकडं बघ. तू दवाखान्यात आहेस, ताप आहे, विमानात बसता येत नाही, असे तू सांगितलेस. मी तेच तिला आणि गावाला सांगितले. काहून खोटं बोलतीस, पोरगं तिकडं मजेत असंल, असे संतरामकाका म्हणाले, तेव्हा मी त्यांच्याशी भांडले.

तुमच्या संग्रहालयाची वाळवलेल्या झाडांची साइट तूच मला दाखवली होतीस. आठवण आली की मी तिथे तुझे नाव शोधते. गेल्या आठवड्यात ओक नावाच्या झाडाचा एक नमुना सापडला. वाळवंटातला डोंगर, मोहोर आलेली फांदी. गोळा करणारा हरीश. तारीख ९ मार्च २०२३. आई त्याच दिवशी गेली.

परवा तिथीने आलेल्या वर्षश्राद्धाला मी भावकीसमोर ते वाचून दाखवले. मग सगळ्यांना घेऊन पूर्णेवर गेले आणि तुझ्या नावाने अंघोळ केली. आम्हाला तू मेलास. फांद्या तोडत राहा.

शिवकन्या

अमेरिका, १० मे २०२४

ती. अक्का यांना पुनमचा सा. न.

तुमचे पत्र १८ एप्रिलला मिळाले. हे २२ ला वारले. मूत्रपिंडे तीन वर्षांपासून निकामी होती. आईंना धसका नको म्हणून तापच सांगायचे, असे यांनी ठरवले होते.

त्या ९ मार्चला हे दवाखान्यात डायलिसिसच्या मशीनवर होते. त्या ओकचा मोहोर आठ-दहा दिवसच टिकतो, म्हणून यांनी मला डोंगरावर पाठवले. फांदी मी तोडली. पण नमुन्यांची वही एकाच माणसाच्या नावाने चालते. क्रमांक यांचे, म्हणून नाव यांचे. आमच्या कामात असेच लिहितात. तुम्ही शाळेत शिकवता. एकदा विचारायचे होते.

मी फोन करणार होते, यांनी करू दिला नाही. पत्र दोनदा वाचायला लावले. मग पूर्णेला पाणी होते का, एवढेच विचारले.

अस्थी मी त्याच डोंगरात सोडल्या. तिकडे पाठवून काय करू? तुमची अंघोळ झालेलीच आहे. आठवण आली तर साइटवर नाव शोधत जा.

लोभ तिकडेच असू द्यावा.

पुनम

हट्टा, ३ जून २०२४

चि. पुनम हिस,

आधी सवयीने सौ. लिहिले गेले. खोडलेले दिसेल.

हरीश गेला, मला सुतक धरायचे आहे, असे काकांना सांगितले. ते म्हणाले, येका माणसाचं सुतक दोनदा न्हाई धरत आपल्यात, अन् ती अंघोळ तूच करायला लावली. वही, क्रमांक, दवाखाना, सगळे समजावून सांगितले. मधेच उठून ते मांडववाल्याकडे गेले. जाताना म्हणाले, डोळे पूस, पाव्हणे बघून राहिले.

आज त्यांच्या नातीची, दीपमालाची हळद आहे. लग्नघरात कोणी हरीशचे नाव काढू नये, असे बजावले आहे. हळद मीच कालवली.

बाया गाणं म्हणायला बोलावून राहिल्या. जाते.

शिवकन्या