त्रास न देणारी मुलगी

न्यू टाउन, कोलकाता
५ जुलै

चि. अनुजास, अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलले तर सानिका ऐकेल, म्हणून हे पत्र. तुझी लेक आमच्याकडे छान रुळली आहे. बंगाली तर माझ्यापेक्षा बरं बोलते. पंधराव्या वर्षी जीभ वळते. माझी आता फक्त मिठाईकडे वळते!

न सांगता अभ्यास करते, भांडी आवरते, कसला म्हणून हट्ट नाही. मला काळजी आहे ती याचीच. परवा तिच्या हातून लोणच्याची बरणी फुटली, तर दोन्ही हात डोक्यावर घेऊन भिंतीशी उभी राहिली. ह्यांनी फक्त, लागलं का गं, एवढंच विचारलं. पण दिवसभर जेवली नाही. शाळेतल्या समुपदेशक आभादींकडे नेऊ का?

तुझी यामिनीताई

नाशिक, १४ जुलै

ती. यामिनीताईस, शि. सा. न. वि. वि.

माझी मुलगी त्रास देत नाही, हे मी सगळ्यांना कौतुकाने सांगत आले. जयप्रकाश घरी आले की बापाच्या जिन्यातल्या पावलांवरून ती ओळखायची, आज मार आहे की नाही. तेव्हा ती शाळेत जाण्याएवढी मोठीही नव्हती. आता त्या घरातून सुटलो, तरी बेल वाजली की मीसुद्धा दचकते.

आई म्हणते, पोरीला वेडी ठरवू नका. तू ने. आईला मी बघते. भाऊजींना नमस्कार.

तुझीच अनु

न्यू टाउन, २० ऑक्टोबर

चि. अनुस, भरभरून आशीर्वाद.

आभादी म्हणाल्या, लहानपणी सतत सावध राहिलेलं शरीर धोका टळला तरी सावधच राहतं. वेळ लागेल. अजून वाईट दिवस येतात, पण आता आज वाईट आहे असं ती सांगते.

कालची बातमी ऐक. हे मॅच बघत होते, तिला तिची मालिका हवी होती. हे सवयीने ओरडले. सानिका थरथरली, पण ठाम म्हणाली, काका, आवाज खाली करून बोला. आणि रिमोट घेऊन, पाय टीपॉयवर ठेवून मालिका बघत बसली!

हे तरातरा बाहेर गेले. मला वाटलं, रागावले. तर शेजारी संदेशाची मिठाई वाटून आले. कशाबद्दल, असं मी विचारलं, तर डोळे पुसत म्हणाले, आमची सानिका भांडली.

दिवाळीला ये, तुझ्या वाटणीचं भांडण राखून ठेवलंय.

तुझी ताई