खोपोलीपर्यंत मांडीवर नारळ

८ फेब्रु. ९४, मंगळ
इस्माईलभाईंना भेटायला इस्पितळात गेले. पाय वजन लावून टांगलेला. माझा नवरा दिनकर आणि ते एकाच शेठकडे ट्रेलर चालवतात, अकरा वर्षं. घाटातल्या वळणावर ट्रेलरवरचा रोलर सरकला आणि केबिनवर आला.
म्हणाले, "भाभी, चौक गावाच्या पुढेच खण् खण् ऐकू यायला लागलं. साखळी ढिली झाली, समजलं मला."
"मग थांबला का नाहीत?"
"नारळ फुटला होता ना."
"तुमचा नारळाशी काय संबंध?"
"माझा नाही. गाडीचा."
बाहेर येऊन पायरीवर बसले. राग इतका की रिक्षावाल्याला पत्ता सांगताना आवाज चढला. शनिवारी वाचनालयात माझं व्याख्यान आहे, 'भीतीची पूजा'. आता उदाहरण शोधायला नको.

९ फेब्रु.
उदाहरण घरात आलं. शुक्रवारी दि.ला खोदकामाचा पोकलेन न्यायचा आहे, घाटावर, धरणाच्या कामावर. इ.भाईंच्या रोलरपेक्षा कितीतरी जड.
जेवताना विचारलं, साखळ्या ढिल्या पडतात हे तुला माहीत आहे?
"म्हायती हाय. गारी हलली का लोड बसतं, साखली ढिली परते. सगल्यांना म्हायती."
"मग उतरून आवळत का नाही?"
"यार्डाच्या गेटवं नारल फुटला का साखलीला हात लावाचा नाय. बांधलेला सोरला का अपशकुन."
मी बोलायला लागले. बरंच बोलले. माणूस साखळी स्वतः बांधतो आणि मग तिलाच घाबरतो, हे वाक्य चांगलं साधलं, शनिवारी वापरेन. तो उठला, स्वतःचं ताट घासलं, पालथं घातलं.
"झाला का? टाल्या वाजवू?"
पंधरा वर्षांपूर्वी माझं भाषण ऐकायला तीनदा सायकल मारत आलेला माणूस.

१० फेब्रु., गुरु
शाळेतून थेट कळंबोलीला, शेठच्या यार्डात. म्हटलं, नारळ बंद करा. शेठनी चहा मागवला.
"ताई, तुम्ही बोलता छान, मी ऐकलंय. पण नारळ न फोडता एक ड्रायव्हर या गेटातून बाहेर काढून दाखवा. मी नाही अडवत."
खोटं नव्हतं. ड्रायव्हर माझ्याकडे बघतही नव्हते.
दि. ट्रेलरवर पोकलेन बांधत होता. बकेट खाली टेकवलेली, चाकांच्या लोखंडी पट्ट्यांपुढे लाकडी गुटके, चारी कोपऱ्यांना साखळ्या. एकेका साखळीला टाच मारून आवाज ऐकत होता. ताणलेली साखळी टणकन वाजते. बांधण्यात काही कसूर नाही. कसूर उद्या, पहिल्या काही मैलांत व्हायची आहे, आणि ती सगळ्यांना आधीच ठाऊक आहे.
घरी येताना बसमध्ये डोक्यात आलं. आल्या आल्या विचारलं, "नारळ गेटवरच का?"
"तिथंच फोरतात."
"खोपोलीला फोडला तर? घाटाच्या खाली. आधी साखळ्या आवळायच्या, मग नारळ."
"बिननारलाची गारी गेटातून नाय काढनार मी."
"नारळ गाडीतच असेल."
"कोनाच्या तरी हातान पायजे. खाली ठेवाचा नाय." माझ्याकडे बघितलं. "तू बस घेऊन."
म्हणजे मी. जाहीर सभेत नारळ फोडायला नकार दिलेली मी.
"सभेत नाय सांगनार मी कोनाला," म्हणाला. हसू दाबत होता.
हो म्हणाले. का म्हणाले ते इथे लिहायचं होतं. नाही जमत.

११ फेब्रु., शुक्र
गेटवर सगळे जमलेले. मी केबिनमध्ये, मांडीवर नारळ. कुणीतरी म्हणालं, "मास्तरीणबाईंची ओटी कोनी भरली रं?" हशा. दि. पण हसला. मी समोर बघत राहिले.
चौकपर्यंत काहीच आवाज नाही. मला वाटलं, उगीच. मग मागून, अगदी बारीक, खण्. दि.ने रेडिओ बंद केला. नारळ घामाने ओला झाला, माझ्याच हातांच्या.
खोपोलीला उतरला. टाच मारत निघाला. पहिली टणकन. दुसरी टणकन. तिसरी फदकन. चौथी, मागची डावी, नुसती लोंबत होती, बोटाने हलत होती. माझ्याकडे बघितलं. चारी परत आवळल्या, गुटके ठोकले, पुन्हा टाच. मग नारळ मागितला. बंपरवर फोडला, तुकडा माझ्या हातात दिला. मी घेतला.
"आता उतर. घाटान तू नकोस."
"साखळ्या आवळल्यास ना? मग भीती कसली?"
"उतर बोल्लो ना."
उतरले. पोकलेन वळणाआड जाईपर्यंत उभी राहिले. मग एस.टी.

१२ फेब्रु., शनि
पोचल्यावर खालच्या मेडिकलमध्ये फोन करतो म्हणाला होता. कालच यायला हवा होता. धरणावर फोन नसेल. लाईन नसेल.
दुपारी इ.भाईंची बायको आली. यार्डात बोभाटा झालाय म्हणे, खोपोलीला कुणीतरी बघितलं. आजचे दोन ड्रायव्हर गेटवर नारळ फोडायला तयार नाहीत. "ते पुसतायत, खोपोलीला नक्की कुठल्या जागेवर फोडला? झाड होतं का तिथं? आणि नारळ बाईमाणसाच्याच हातात लागतो का?"
मी म्हटलं, आधी साखळ्या आवळल्या, ते सांगा त्यांना. ती म्हणाली, "ते सांगते हो. पण जागा कुठली?"
व्याख्यान पाचला. टाचणं काढली. 'माणूस साखळी स्वतः बांधतो' तिथपर्यंत वाचलं आणि पुढचं पान उलटलं नाही.
मेडिकलमध्ये दोनदा फोन वाजला. दोन्ही वेळा खिडकीत गेले. दुकानदाराने वर बघून मान हलवली, नाही म्हणून.
साडी नेसून बसले आहे. खोबऱ्याचा तो तुकडा अजून पर्समध्येच आहे. खाल्ला नाही, टाकलाही नाही. वाचनालयाचा माणूस न्यायला आलाय, जिन्यात चपला वाजतायत. खाली पुन्हा फोन वाजतोय. उठते.