आधी ताटली

आई, तुझी अंगणवाडी बंद होतेय. आज सुपरवायझर मॅडम येऊन सांगून गेल्या. पटावर पुरेशी मुलं उरली नाहीत, तेव्हा महिनाअखेर कळस गावच्या या वस्तीवरची खोली बंद करायची आणि सामान पलीकडच्या वस्तीवर न्यायचं. तू गेल्यावर तुझ्या जागी मी लागले, तेव्हा वाटलं होतं, एवढं तरी नीट सांभाळीन. तेही जमलं नाही.

मुलं गेली कुठं म्हणशील, तर बारामतीच्या रस्त्याला इंग्लिश मीडियमची नर्सरी निघालीय. सकाळी पिवळी व्हॅन येते आणि टाय लावलेली इवलीशी पोरं पेंगत आत चढतात. त्यांच्या आया मला बघून ओशाळतात, पण मी कुठल्या तोंडानं बोलू? तुझा पणतूही त्याच व्हॅनमध्ये असतो. माझी सून म्हणाली, "आत्याबाई, तुमी लई चांगलं शिकिवता, पर तुमच्या पत्र्यातनं पाणी गळतंय." खोटं काय बोलली ती! पत्र्यासाठी निधी मागितला की येत नाही, बाहेरच्या भिंतीवर पोपट आणि आंबे रंगवायला मात्र येतो. आमचा पोपट बघ एकदा, गावात त्याच्याइतकं गुबगुबीत कुणी नाही.

तू देवळाच्या ओसरीवर मुलं बसवायचीस, तेव्हा पत्राही नव्हता. कारखाना सुरू झाला की ऊसतोड्यांची पोरं कोप्यांवरून, त्यांच्या पाचटाच्या झोपड्यांतून यायची, घरचीच ताटली छातीशी धरून. एकदा मी शाळेला सुट्टी म्हणून तुझ्या मदतीला बसलेय. मोठ्या तोऱ्यात एका पोराला विचारते, "नाव काय रं तुजं?" तू पळी माझ्या मनगटावर हाणतेस. "आदी ताटलीत घाल. प्वाट भरलं की नाव आपसूक सांगंल." आणि खरंच, खाऊन झाल्यावर त्यानं स्वतःचं नाव सांगितलं, बहिणीचं सांगितलं, गाडीच्या दोन्ही बैलांचीही सांगितली. तुला हसू आवरेना.

आता फोनमधल्या पटावर नाव असेल तरच मूल आहे. तोडणी सुरू झाल्यापासून आपली खोली रोज भरते गं, पण बहुतेक सगळी ऊसतोड्यांची. त्यांची नावं त्यांच्या गावाकडं. मी मॅडमना म्हणाले, "जरा मागं वळून बगा की, बसायला जागा न्हाय."

त्यांनी फोनमधून मान वर केली नाही. "दिसतंय हो ताई मला. पण ही आपल्या पटावरची नाहीत ना. शिजवायचं पण पटाइतकंच." बाई वाईट नाहीत. त्यांनाही वरून कुणीतरी हेच ऐकवत असणार. पण मला त्यांचा राग आला, आणि तुझाही आला, मला असलं काम शिकवून गेलीस म्हणून.

हे पत्र कुठं धाडायचं नाही, म्हणून लिहिते. मॅडम बसलेल्या असताना दारात एक नवी पोर येऊन उभी राहिली, ताटली पोटाशी धरून. मी विचारलं, "नाव काय गं तुजं?" ती माझ्याकडं बघत राहिली, मग वळली आणि कोप्यांकडं चालायला लागली. मी हाक मारली नाही.

पातेल्यात खिचडी होती, आई.