पहिल्यावर जोर

ता. ४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मी ठणठणीत. क्रेनखाली मालाला पट्टे बांधायच्या कामावर आता यंत्र येतंय, म्हणजे आमचा गाशा गुंडाळलाच. वर चढायची एकच वाट आहे: माल कुठे उतरवायचा ते वॉकीटॉकीवरून क्रेनवाल्याला इंग्रजीत सांगायचं. परवा चाचणी दिली आणि आपटलो. शब्द सगळे येत होते गं! पण क्रेनवाला वरून म्हणाला, हा बोलतोय की पाढे म्हणतोय? सगळं एका सुरात, वॉकीटॉकीच्या घरघरीत काही सुटं कळत नाही. सगळे फिदीफिदी हसले. महिन्याने शेवटची संधी आहे. तू शाळेत इंग्रजी शिकवतेस, माझी शाळा सातवीतच संपली. काहीतरी कर. भाऊजींच्या दुकानात बसायला मी येणार नाही, आधीच सांगतो.

लोभ आटू देऊ नकोस.
तुझा भिंगरी

ता. १५ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

लहानपणी घटकाभर एका जागी बसला असतास तर... जाऊ दे. टूल वेगळं, बॉक्स वेगळा. दोन्ही जोडून एक वस्तू झाली, की बहुधा पहिल्यावर जोर द्यायचा आणि दुसरा हलका सोडायचा. टूलबॉक्स, फायरडोअर, सगळे तसेच. आपण मराठीत अक्षरं सारखी तोलतो, म्हणून तुझे पाढे होतात. पायाने ताल धर: पहिल्याला टाच आपट, पुढच्याला बोटं टेकव.

तुझ्या भाऊजींनी तुझ्यासाठी दुकानातली खुर्ची पुसून ठेवलीय. मी म्हटलं, तिच्यावर मांजर बसू दे.

जेवणाची आबाळ करू नकोस. पत्र टाकत जा.
तुझी ताई

ता. १० एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

रोज टाच आपटून खोली दणाणून सोडली. खालची म्हातारी झाडूच्या दांड्याने छत ठोकते. माझ्यासोबत राहणारा वेल्डर म्हणतो, आता तिचाही पहिला ठोका जोराचा पडतो!

काल चाचणी झाली. टूलबॉक्स सुटला, फायरडोअर सुटला. मग आला फोर्कलिफ्ट ड्रायव्हर. माल त्याच्यामागे उतरवायचा होता. तीन तुकडे! तुझ्या पत्रात असलं काही नव्हतं. मग म्हटलं, फोर्कलिफ्ट, म्हणजे माल उचलायची गाडी, ही आधीच जोडून झालेली वस्तू, तिला आणखी एक डबा लागला, एवढंच. इंजिन तेच. फोर्कवर टाच आपटली आणि बाकीचं मागून ओढत नेलं. वर क्रेनचा हात वळला, ताई. माल बरोब्बर फोर्कलिफ्टवाल्याच्या मागे टेकला.

क्रेनवाला खाली आला. शाबासकी वगैरे काही नाही. म्हणाला, सोमवारपासून लवकर ये, आणि माझ्या शिडीजवळ पाय आपटू नकोस.

आता मी दिसेल ते जोडत सुटलोय. काल एक नवा शब्द केला: ताईपत्र. जोर कशावर, ते तुला सांगायला नको.

भाऊजींना नमस्कार. खुर्ची मांजराच्याच नावावर करा. माया आहे तशीच राहू दे.
तुझा भिंगरी