उरलेल्या जोड्या

३ मार्च
पळायचे शूज घेतले! एक जोड पाच नंबर, एक जोड आठ नंबर. दुकानदार म्हणाला, "दुसरा कोणासाठी?" म्हटलं, "डाव्या पायासाठी." बिचारा! मी हसले तेव्हा कुठे हसला.

४ मार्च
पलंगाखालचं खोकं ओढून काढलं. माझ्या लहानपणापासूनचे उरलेले शूज आईने जपून ठेवलेत. सगळे डावे लहान, उजवे मोठे. सगळ्यात खाली इवल्याशा लाल सँडल, कोऱ्या करकरीत!
"टाकून दे ना गं!"
"नवं आहे, टाकवत नाही."
मग सुचलं — माझ्या बरोब्बर उलट पायांचं कोणीतरी असेलच की! जाहिरात टाकली: 'उजवा पाय मोठा आहे? शूज फुकट.'

९ मार्च
पहिलं उत्तर! "नुसता उजवा मिळेल का? डावा कुत्र्याने खाल्ला."
छ्या!

१४ मार्च
ताई राहायला आली. पोट एवढं, की चहाचा कप त्यावर ठेवते!
सकाळी आई माझ्या पायाला पट्ट्या बांधत होती. रोजचंच — बोटांपासून वर, घट्ट. नाहीतर पायात पाणी साठतं आणि संध्याकाळपर्यंत भोपळा. जन्मापासून असंच. आमच्या घराण्याची देणगी! बाबांचे घोटे थोडे सुजतात, ताईचे त्याहून कमी. मला मात्र सढळ हाताने! बाळाला येईल का? डॉक्टर म्हणतात, नाणं उडवल्यासारखं आहे.
ताई बघत होती. म्हणाली, "माझ्याइतकं असलं तर चालेल गं, पण—"
आईने पट्टी जरा जास्तच घट्ट ओढली.

१५ मार्च
त्या 'पण'च्या पुढचं मला कळतं. असू दे. पळून आले. नवे शूज एकदम भारी!

२२ मार्च
ताईने आज विचारलं, "दुखतं का गं?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा!
म्हटलं, "दुखत नाही, जड वाटतं. आणि राणीसाहेबांना उशी लागते."
राणीसाहेब म्हणजे माझा डावा पाय. बाबांनी ठेवलेलं नाव.
बाबा पेपरामागून म्हणाले, "उशी माझी जाते, ते सांग!"
ताई हसली. हसता हसता रडायला लागली. मी उशी तिलाच दिली.

२९ मार्च
मुलगी! मी मावशी!! उड्या मारल्या, राणीसाहेबांसकट.
मग आईचा हॉस्पिटलमधून परत फोन. "बाळ ठणठणीत आहे. पण उजवं पाऊल... तुझ्यासारखं."
ताई नुसती त्या पावलाकडे बघत बसलीय म्हणे. मला जायचंय, पण तिला आत्ता माझा पाय बघवेल का?

३० मार्च
ताईचा मेसेज: "मावशीबाई, आहात कुठे? ती जाहिरात आधी काढ! सगळे जोड आमचे. येताना लाल सँडल आण."